वरचा मीटर, खालचा मीटर

माझ्या आतेभावानं पुण्यात फ्लॅट घेतला. घर जळकोटचं, रान जळकोटचं, पण पोरगा पिंपरीत नोकरीला लागला, तेव्हा तिकडं स्वतःचं छप्पर हवंच होतं. दस्त नोंदवायच्या दिवशी मी सोबत होतो. व्यवहार ४० लाखांचा. वकिलानं कागदावर आकडे मांडले: मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का. शेवटच्या ओळीवर आतेभावाचं बोट थांबलं. "दादा, अजून त्या गाडीत पाय ठेवला नाही, आन् हे चाळीस हजार कशाचे?"

आमच्या पट्ट्यातली, म्हणजे अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर इथली कितीतरी कुटुंबं पुण्याशी बांधलेली आहेत. कुणाचा पोरगा तिथं शिकतो, कुणाची लेक तिथं नांदते. मेट्रो आपल्या गावात येणार नाही, पण मेट्रोचा खर्च मात्र आपल्यापर्यंत येतो. तो कुठून येतो, किती येतो आणि जमिनीखालच्या गाडीला वरच्या गाडीपेक्षा एवढा पैसा का लागतो, हे आतेभावाला सांगायचं म्हणून मी हिशेब मांडला. तोच इथं देतो.

आधी त्या चाळीस हजारांचं. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर इथं घर-जागेच्या दस्तावर हा १ टक्का १ एप्रिल २०२२ पासून घेतला जातो. त्यातून सुटका नाही. पण राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणजे मेट्रोपायी जेवढे जातात तेवढेच इकडून वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ही सवलत जाते. बँकेचं कर्ज कुणाच्या पगारावर उचलायचं यावर हे ठरत असल्यानं बोलणी सुरू असतानाच घरात विषय काढावा. दस्ताच्या दिवशी फार उशीर झालेला असतो. आतेभावाला झालाच.

आता गाडीचा भाव. वर्तमानपत्रात तो नेहमी कोटींत आणि किलोमीटरमध्ये येतो आणि डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही. मी तो कापडासारखा मीटरवर आणला.

सोयीची गोष्ट अशी, की एकाच शहरात, दहा महिन्यांच्या अंतरानं, केंद्र सरकारनं दोन्ही प्रकारचे मार्ग मंजूर केले. स्वारगेट ते कात्रज हा सगळा भुयारी मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला: ५.४६ किलोमीटर, २,९५४ कोटी रुपये. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे खांबांवरचे दोन तुकडे जून २०२५ मध्ये मंजूर झाले: मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये. भागाकार केला तर खालचा किलोमीटर पडतो ५४१ कोटींना, वरचा २८४ कोटींना. मीटरवर आणलं तर भुयाराचा एक मीटर ५४ लाखांचा आणि खांबावरचा एक मीटर २८ लाखांचा. आतेभावाचा अख्खा फ्लॅट विकला तरी भुयाराचा पुरता एक मीटर होत नाही. पाऊण मीटरच्या आतच गाडी थांबते.

मुंबईत हाच फरक दुपटीवरून तिपटीवर जातो. दहिसर ते डी. एन. नगर ही खांबांवरची मेट्रो २ अ, १८.६ किलोमीटरची, ६,४१० कोटींची. म्हणजे मीटरला साधारण ३४ लाख. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३, साडेतेहतीस किलोमीटरची. तिचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण सुरू झाली तेव्हा आकडा ३७,२७६ कोटींवर गेला होता. मीटरला एक कोटी अकरा लाख.

आणि आपल्या उंबऱ्याजवळचा भाव? सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग. पहिला अंदाज ९०५ कोटींचा, सुधारित अंदाज सुमारे ३,२९५ कोटींचा, निम्मा वाटा राज्याचा. वाढलेला भाव धरला तरी मीटरला चार लाखांच्या आत बसतो. स्वारगेटपुढच्या एका किलोमीटर भुयाराच्या पैशांत तुळजापूरच्या मार्गाचे जवळपास चौदा किलोमीटर होतात. यात पुण्यावर राग नाही. माळरानावर रूळ टाकणं आणि पेठेतल्या वाड्यांखालून बोगदा नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण दोन्हींमधला राज्याचा वाटा एकाच तिजोरीतून निघतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत.

मग भुयाराला एवढं लागतं कशाला? दस्ताचं काम उरकल्यावर आम्ही दोघं स्वारगेटला गेलो. सोलापूरकडून येणारी एसटी जिथं सोडते तिथून मेट्रोचं स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. दहा-दहा रुपयांची तिकिटं काढून मंडईपर्यंत गेलो, एकच स्थानक. सरकत्या जिन्यावर आतेभावानं आधी पिशवी छातीशी धरली, मग पाय टाकला. एक जिना संपला, दुसरा लागला. खाली थंडगार हवा, लख्ख उजेड, फरशीवर धुळीचा कण नाही. तो वर छताकडं बघत म्हणाला, "विहीर खणायला किती लागतात आपल्याला म्हाईत हाय. ही तर आख्ख्या गल्लीएवढी विहीर."

त्याचं बोलणं अगदी खरं आहे. बोगदा पोखरणारं टीबीएम यंत्र महाग असतं, पण एकदा खाली उतरलं की ते आपल्या गतीनं पुढं जातं. पुण्यातल्या भुयारी मार्गाच्या कामाला अशी यंत्रं लावली, त्यांना मुळा, मुठा, पवना अशी नावं दिली आणि मुठा नदीच्या पात्राखालून बोगदा नेला. खरा पैसा खातं ते स्थानक. गाडी थांबेल एवढ्या लांबीचा, काही मजले खोल खड्डा भर वस्तीत खणायचा, शेजारच्या इमारतीला तडा जाऊ द्यायचा नाही, रस्ता चालू ठेवायचा. जिल्हा न्यायालयाजवळचं स्थानक तर ३३ मीटर खोल आहे. आमच्या शिवारात एवढ्या खोलीची विहीर कुणी खणली तर तालुकाभर चर्चा होईल. शिवाय हे काम एकदाच करून भागत नाही. आतली हवा खेळती ठेवायची, आगीचा धूर बाहेर ओढायची सोय तयार ठेवायची, झिरपणारं पाणी पंपानं उपसायचं, दिवे आणि जिने पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू ठेवायचे. विजेचं हे बिल खांबावरच्या स्थानकाला एवढं येत नाही. तिथं वारा आणि उजेड फुकट असतो.

स्थानकाचा भाव किती हे कात्रजच्याच मार्गावर दिसलं. लोकांच्या मागणीवरून तिथं बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायची आणि कात्रजचं स्थानक थोडं सरकवायचं ठरलं, त्यासाठी सुमारे ६८३ कोटींची भर पडली. म्हणजे आपल्या दारापाशी भुयारी स्थानक मागणाऱ्यानं तीनशे कोटींच्या पुढची वस्तू मागितलेली असते. मागू नये असं माझं म्हणणं नाही. भाव ठाऊक असावा.

आता दुसऱ्या बाजूची गाडी, 'लाइट'. हा शब्द आमच्या धाराशिव जिल्ह्याला परका नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी धावू लागली. पुढं तडवळ्याकडून १९११ मध्ये लातूरला पोचली, दुसऱ्या अंगानं पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरनं हिशेब असा बांधला होता, की गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार कमी म्हणून रूळ हलके, पूल हलके, रूळांमधलं अंतर अडीच फूट, आणि म्हणून खर्चही हलका. लाइट रेल म्हणजे हेच: आसावरचा भार कमी, गाडी छोटी, बांधकाम स्वस्त. जाणत्या पिढीनं ती गाडी पाहिलेली आहे.

पण बार्शी लाइटचा दुसरा अर्धा हिशेबही सांगायला हवा. १९५४ मध्ये ती सरकारनं विकत घेतली. माल आणि माणसं वाढली, अडीच फुटी गाडी पुरेना, मालाचा डबा मोठ्या रूळांवर जाईना, कुर्डूवाडीला सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागे. शेवटी कुर्डूवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज करावा लागला, २००८ पर्यंत ते काम चाललं. धाराशिव शहर रेल्वेच्या नकाशावर आलं ते त्या वेळी मार्ग वळवल्यामुळं. स्वस्तातली गाडी शंभर वर्षं पुरली, हे मोठंच. पण जिथं गर्दी वाढणार हे दिसत असतं तिथं हलकी गाडी घेतली तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

शहरातली लाइट रेल ही रस्त्याच्या पातळीवर, आपल्या वेगळ्या पट्ट्यातून धावणारी दोन-तीन डब्यांची विजेची गाडी. तिचं जुनं रूप म्हणजे ट्राम. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. नव्वद वर्षं मुंबईनं लाइट रेल वापरली आणि रस्त्यात मोटारींना अडचण होते म्हणून उखडली. आता त्याच शहराखालून मीटरला कोटीच्या भावानं गाडी नेली. ही चूक मला फार लागते, कारण रस्त्यावरचा तो पट्टा एकदा हातचा गेला की परत मिळत नाही.

आजच्या भारतात लाइट रेलला सरकारी नाव 'मेट्रोलाइट'. २०१९ मध्ये केंद्रानं तिचे निकष काढले, २०२१ च्या अर्थसंकल्पात तिची आणि 'मेट्रोनिओ'ची घोषणा झाली. मेट्रोलाइटचा खर्च नेहमीच्या मेट्रोच्या ४० टक्के पडेल असं सांगितलं गेलं. पुण्याच्या खांबावरच्या भावाला हे लावलं तर मीटरला साधारण ११ लाख. मेट्रोनिओ तर रबरी चाकांची, वरच्या तारेवरून वीज घेणारी बसच. नाशिकसाठी ती आखली होती, साधारण ३३ किलोमीटर आणि २,१०० कोटी, मीटरला साडेसहा लाखांच्या आसपास. नाशिककरांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, एक खांब उभा राहिला नाही. कागदावरचा स्वस्त भाव आणि बांधून झालेला भाव यांत फरक करायला हवा तो यासाठी. मेट्रोलाइट देशात अजून कुठंही प्रवासी घेऊन धावलेली नाही.

बाहेरच्या देशांत धावते, पण स्वस्तच पडते असं तिथंही नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात २०१४ मध्ये १४ किलोमीटरची ट्राम सुरू झाली. रस्त्यावरची साधी गाडी, तरी ७७ कोटी ६० लाख पौंड लागले आणि वर्षांमागून वर्षं उशीर झाला. रस्ता उकरला तेव्हा खाली पाण्याचे नळ, गटारं, तारा यांचं जाळं निघालं. ते हलवताना पैसा आणि वेळ दोन्ही गेले. आपल्याकडं जलवाहिनी कुठून जाते हे कित्येकदा फुटल्यावरच कळतं, तेव्हा इथं काय होईल ते वेगळं सांगायला नको. इथिओपियाच्या अदिस अबाबात २०१५ मध्ये चिनी कर्जातून लाइट रेल झाली, ४७ कोटी ५० लाख डॉलरमध्ये, म्हणजे खरंच स्वस्तात. पुढं सुटे भाग मिळेनात आणि बऱ्याच गाड्या कारशेडमध्ये उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर घेताना आपण शोरूममधला भाव बघतो, पण सर्व्हिसिंगचं दुकान जवळ आहे का हेही विचारतो. तसंच हे.

इतकं सगळं सांगून मला ज्यासाठी हा हिशेब मांडावासा वाटला ते आता सांगतो. मीटरचा भाव अर्धाच खरा. उरलेला अर्धा माणशी काढावा लागतो.

मुंबईतली दोन उदाहरणं घ्या. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक ही मोनोरेल, २०१४ आणि २०१९ अशा दोन टप्प्यांत सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटर, सुमारे २,७०० कोटी. मीटरला साडेतेरा लाख. मुंबईच्या मानानं मातीमोल. दुसरी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मेट्रो १, जून २०१४ ची, ११.४ किलोमीटर. तिचा खर्च कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं ४,३२१ कोटींवर गेला, मीटरला ३८ लाख. जवळपास तिप्पट महाग. पण मेट्रो १ मध्ये कामाच्या दिवशी साडेचार लाखांच्या घरात माणसं बसतात, आणि मोनोरेलमध्ये दिवसाला वीस हजारसुद्धा बसत नव्हती. खर्चाला रोजच्या प्रवाशांनी भागा. मेट्रो १ ला रोजच्या एका प्रवाशामागं ९६ हजार रुपये लागले. मोनोरेलला साडेतेरा लाख. 'स्वस्त' गाडी माणशी चौदापट महाग पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती आणि सुधारणेसाठी बंद ठेवावी लागली.

म्हणून भुयार महाग आणि लाइट रेल स्वस्त एवढ्यावर थांबू नये. मेट्रोलाइटच्या सरकारी निकषात गर्दीच्या तासाला एका दिशेनं १५ हजारांपर्यंत प्रवासी धरलेत. तेवढीच माणसं असतील तर तिथं भुयार खणणं म्हणजे पैशाचा चुराडा. चाळीस-पन्नास हजार माणसं असतील आणि वर खांब रोवायलाही जागा नसेल, जसं पुण्याच्या मंडईत नाही, तर भुयाराचे ५४ लाखही मोजावे.  पण मोकळ्या, रुंद रस्त्यावर, केवळ शहराची शोभा जाऊ नये म्हणून कुणी भुयार मागत असेल तर त्याला मीटरचा भाव दाखवावा. नागपुरानं वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी दुमजली बांधणी केली आणि विमानतळापुढं खापरीकडं काही भाग तर जमिनीवरूनच नेला. त्यांचा पहिला टप्पा २०१४ मध्ये मंजूर झाला तो ३८ किलोमीटरला ८,६८० कोटींत, मीटरला २३ लाखांच्या आत. एक मीटरही भुयार नाही.

तिकिटाचं गणित मात्र सुखद आहे. खालच्या गाडीला दुप्पट खर्च येतो म्हणून पुण्यात तिकीट दुप्पट नाही. वर आणि खाली दर एकच: १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत, अंतरावर. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, त्यासाठी विद्यार्थी कार्ड काढावं लागतं. महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि आधार घेऊन जायचं. समजा लेकराचा रोजचा टप्पा ३० रुपयांचा आहे आणि महिन्यात २५ दिवस जाणं-येणं आहे. साध्या तिकिटानं १,५०० रुपये, विद्यार्थी कार्डावर १,०५०. वर्षाचे दहा महिने धरले तर साडेचार हजार वाचले. खोलीच्या भाड्याला बरा हातभार. खोली बघताना 'मेट्रोजवळ' म्हणून भाडं वाढवून सांगतात. तेव्हा महिन्याचा वाचणारा रिक्षाखर्च आणि वाढीव भाडं समोरासमोर मांडा. कॉलेजही त्याच मार्गावर नसेल तर त्या मेट्रोचा तुमच्या लेकराला उपयोग नाही.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भुयारी मेट्रो ३ चं तिकीट १० ते ७० रुपये आहे. लोकलचं लहानात लहान तिकीट अजून ५ रुपये आहे. आमच्याकडची माणसं सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जातात, आणि त्यांतले कितीतरी जण परळच्या टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन निघालेले असतात. त्यांनी दादरलाच उतरून लोकलनं किंवा टॅक्सीनं परळ गाठावं. मेट्रोच्या नादी लागू नये. विमानतळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाकडं (बीकेसी) जायचं असेल आणि पेशंटला धक्के सोसणार नसतील तर भुयारी गाडीचे जास्तीचे पैसे वसूल होतात: लिफ्ट आहे, गारवा आहे, बसायला मिळतं. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर वर रस्त्यावर असतानाच काढा. खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका.

आतेभावाला मी शेवटी उत्तर दिलं ते असं. त्याच्या चाळीस हजारांत कात्रजच्या भुयाराचे साडेसात मिलिमीटर होतात. खांबावरच्या मार्गाचे चौदा. तुळजापूरच्या रेल्वेचे दहा सेंटिमीटर. त्यानं अंगणातल्या खाटेवर बसून करंगळीच्या नखाशी आधी साडेसात मिलिमीटर मापले, मग हाताची चार बोटं आडवी धरली, त्याला आणखी एक बोट जोडलं आणि बराच वेळ त्या पाच बोटांकडं बघत राहिला.

"ही पाच बोटं कधी होणार?" त्यानं विचारलं.

तुळजापूरला गाडी आली तरी जळकोटकराला आधी एसटी धरून तिथवर जावं लागेलच. पण तिकडून सोलापूर आणि धाराशिव दोन्हीकडं रूळ जातील. तोवर पुण्याला निघालात तर विद्यार्थी लेकराचं ओळखपत्र, आधार आणि सुटे दहा रुपये वरच्या खिशात ठेवा.